पादुआची पट्टी आणि भंडाऱ्याची खाट

रुग्णालयात दाखल झालेला माणूस ज्या आजारासाठी आला त्यानेच दगावतो असे नाही. न्यूमोनियाचा रुग्ण असतो. ताप उतरलेला असतो, उद्या घरी सोडायचे ठरलेले असते. तो सकाळी उठतो, चार पावले चालतो आणि धाप लागून कोसळतो. कागदावर 'हृदयक्रिया बंद पडली' अशी नोंद होते. हृदय तर शेवटी प्रत्येकाचेच बंद पडते. पण अशा काही मृत्यूंचे मूळ छातीत नसते, पोटरीत असते. पडून राहिल्याने पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरते. ती सुटली की रक्ताबरोबर वर जाते, हृदयाच्या उजव्या भागातून पुढे ढकलली जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते. गुठळी मोठी असेल तर उपचाराला काही मिनिटेच मिळतात.

ही गुठळी टाळण्याचे उपाय आहेत. प्रश्न असा, की ते कोणासाठी करायचे? सगळ्यांसाठी करावेत तर औषधाने रक्तस्राव होण्याचा धोका, कोणासाठीच करू नयेत तर गुठळीचा. म्हणून वैद्यकाने जोखीम मोजण्याच्या पट्ट्या तयार केल्या. औषधोपचाराच्या वॉर्डातील रुग्णांसाठी त्यांतली सर्वांत प्रसिद्ध पट्टी म्हणजे 'पादुआ गुणांकन'. अकरा प्रश्न, एकूण वीस गुण. चार किंवा जास्त गुण मिळाले तर रुग्ण जोखमीचा. अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शनात हीच पट्टी आधाराला घेतली आणि ती जगभर गेली.

या लेखात त्या पट्टीचे परीक्षण करायचे आहे. पट्टी वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. पण कोणतीही पट्टी कुठे बनली, कशावरून बनली आणि आपण ती कशाला लावतो आहोत, हे पाहिल्याशिवाय वापरू नये, हे आपण प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना रोज सांगतो. तोच नियम इथेही लावू. त्यासाठी ही पट्टी कल्पनेनेच भंडारा जिल्ह्यातल्या एका खाटेला लावून पाहू.

रक्त वर कसे चढते?

आधी पोटरीत घडते काय ते पाहू. रक्ताभिसरण शिकवताना आपण फळ्यावर हृदय काढतो, त्यातून निघणाऱ्या तांबड्या धमन्या आणि परत येणाऱ्या निळ्या शिरा काढतो. बाण दाखवतो. हृदय पंप आहे, तो रक्त ढकलतो, रक्त फिरून परत येते. चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंतचे अंतर सव्वा मीटरच्या आसपास असते. एवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब किती होईल, हे दहावीचा विद्यार्थी काढू शकेल. उत्तर पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरइतके येते. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत दाब मोजला तर तो खरोखरच ८० ते ९० मिलिमीटर भरतो. माणूस चालू लागला की तोच ३० मिलिमीटरच्या खाली येतो.

हा फरक पोटरीचे स्नायू घडवून आणतात. प्रत्येक पावलाला स्नायू आकसतात, त्यांच्यामध्ये असलेल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. म्हणजे पोटरी हा आपला दुसरा पंप आहे. हृदयाला विश्रांती नसते. या दुसऱ्या पंपाला मात्र आपण खाटेवर पडलो की सुट्टी मिळते. आडव्या माणसात रक्ताला चढण चढावी लागत नाही हे खरे, पण प्रवाह मंदावतो आणि झडपांच्या मागच्या खोबणींत रक्त रेंगाळते. गुठळीची सुरुवात बहुधा तिथेच होते.

गुठळी धरण्याची तीन कारणे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरचो यांच्या नावाने ओळखली जातात. रक्त रेंगाळणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणे. विरचो यांचे या विषयावरचे लेखन १८५६ सालचे. रुग्णालयात ही तिन्ही कारणे एकत्र भेटतात. माणूस पडून असतो, शिरेत सुई किंवा नळी असते, आणि ताप, जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रियेमुळे रक्त अधिक गोठू लागलेले असते. यातले तिसरे कारण लक्षात ठेवावे. आपले परीक्षण शेवटी तिथेच येऊन थांबणार आहे.

पट्टीची जन्मकथा

पादुआ हे इटलीतले जुने विद्यापीठाचे गाव, आणि शिरांशी त्याचे नाते जुने आहे. तिथले शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये शिरांतील झडपांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. झडपा त्यांनी नीट पाहिल्या, चित्रे उत्तम काढली, पण अर्थ चुकीचा लावला. रक्त पायांकडे फार वेगाने धावू नये म्हणून या अडसरांची योजना आहे, असे त्यांना वाटले. त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वी १६०२ मध्ये पादुआतून पदवी घेऊन इंग्लंडला परतला. त्याने दाखवले की झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे, जाऊ देतात. त्याचे पुस्तक १६२८ मध्ये आले. डोळ्यांना दिसलेले बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

त्याच पादुआच्या विद्यापीठ रुग्णालयात आपली पट्टी तयार झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,१८० रुग्ण होते. त्यांना गुण देऊन नव्वद दिवसांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले. निकाल असा आला.

कमी गुणांचे रुग्ण ७११, त्यांतल्या दोघांना गुठळी झाली. म्हणजे ०.३ टक्के.
जास्त गुणांचे पण प्रतिबंधक औषध नीट न मिळालेले रुग्ण २८३, त्यांतल्या ३१ जणांना गुठळी झाली. म्हणजे ११ टक्के.
जास्त गुणांचे आणि औषध मिळालेले रुग्ण १८६, त्यांतल्या चौघांना गुठळी झाली. म्हणजे २.२ टक्के.

०.३ आणि ११! फारकत इतकी ठळक आहे की पट्टी लोकप्रिय झाली यात नवल नाही. तिचे गुणही मान्य केले पाहिजेत. एकाही प्रश्नासाठी महागडी तपासणी लागत नाही. रुग्ण येताच परिचारिकाही पाच मिनिटांत बेरीज करू शकते. आणि सर्वांना औषध देण्याऐवजी ज्याला गरज आहे त्याला द्या, हा तिचा विचार योग्यच आहे.

पण आकड्यांकडे पुन्हा पाहू. रुग्णालय एकच आहे. औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, डॉक्टरांनी आपापल्या मताने ठरवले होते. त्यामुळे ११ आणि २.२ मधला सगळा फरक औषधाचाच, असे म्हणता येत नाही. आणि सगळा निष्कर्ष एकूण ३७ गुठळ्यांवर उभा आहे. पट्टी जिथे बनली तिथेच तपासली की ती नेहमी जरा जास्तच अचूक भासते. दुसरीकडे नेल्यावर काय होते? स्वित्झर्लंडच्या विद्यापीठ रुग्णालयांत अशा पट्ट्यांची एकमेकींशी तुलना केली गेली. तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गुठळी कोणाला होईल हे सांगण्यात सगळ्याच पट्ट्या नाणेफेकीपेक्षा थोड्याशाच बऱ्या ठरल्या, पादुआची पट्टीही. इटली आणि स्वित्झर्लंड तर शेजारी देश. मग भंडारा किती दूर, याचा विचार करा.

पट्टी भंडाऱ्याच्या खाटेला लावू

आता अकरा प्रश्न पाहू. कर्करोग चालू आहे का? पूर्वी खोल शिरेत गुठळी झाली होती का? हालचाल कमी झाली आहे का? रक्त गोठण्याचा ज्ञात दोष आहे का? या चौघांना प्रत्येकी तीन गुण. महिनाभरात मोठी इजा किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन. उरलेल्या सहांना एकेक गुण : वय सत्तर किंवा जास्त, हृदय किंवा श्वसन निकामी होत असणे, हृदयविकाराचा झटका किंवा मेंदूतील रक्तपुरवठा अडून आलेला पक्षाघात, तीव्र जंतुसंसर्ग किंवा संधिवाताचा आजार, लठ्ठपणा, आणि हार्मोनचे औषध चालू असणे.

पहिला काल्पनिक रुग्ण घेऊ. मोहाडी तालुक्यातले चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, न्यूमोनिया, चार दिवस खाटेवर. वयाचा एक, संसर्गाचा एक, हालचालीचे तीन. एकूण पाच. जोखमीचे. पट्टीने काम चोख केले. पादुआचे आजोबा असते तरी हेच उत्तर आले असते.

दुसरी रुग्ण लाखांदूर तालुक्यातली चोवीस वर्षांची मुलगी. तिला सिकलसेलचा आजार आहे, आपल्याकडच्या बोलीत 'एसएस पॅटर्न'. धानाच्या रोवणीत दिवसभर पाण्यात उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी हातपाय, पाठ असह्य दुखू लागली. दाखल झाली, सलाइन लावले, वेदनाशामक दिले. पाच दिवस खाटेवर. ताप नाही. तिचे गुण मोजू. हालचालीचे तीन. बाकी सगळी शून्ये. एकूण तीन. पट्टी म्हणते, जोखीम नाही.

इथे थांबून चौथा प्रश्न पुन्हा वाचावा लागेल, 'रक्त गोठण्याचा ज्ञात दोष'. सिकलसेल यात बसत नाही का? पट्टीच्या कर्त्यांनी या प्रश्नात काय मोजायचे याची यादी दिली आहे. अँटीथ्रॉम्बिन, प्रथिन सी आणि प्रथिन एस यांची कमतरता, प्रोथ्रॉम्बिनच्या जनुकातला एक बदल, फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांचा आजार आणि 'फॅक्टर पाच लायडेन'. हा शेवटचा दोष १९९४ मध्ये ओळखला गेला. त्याला हॉलंडमधल्या लायडेन शहराचे नाव मिळाले, कारण तो तिथे सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो साधारण शंभरात पाच जणांत असतो. भारतात तो बराच कमी आढळतो. सिकलसेल या यादीत नाही. पादुआच्या वॉर्डात तो क्वचितच येत असणार, त्यामुळे यादी करणाऱ्यांचा त्यात दोष नाही. पण परिणाम पाहा. हीच मुलगी लायडेनचा दोष घेऊन आली असती तर तिचे गुण सहा झाले असते. लाखांदूरचा आजार घेऊन आली म्हणून तीनच. तिला एकदा गुठळी होऊन गेली की पुढच्या वेळी 'पूर्वीची गुठळी' म्हणून तीन गुण वाढतील. म्हणजे पहिली गुठळी होऊन, तिच्यातून ती वाचल्यावरच ती या पट्टीला दिसू लागते.

इतर प्रश्नांतही परदेशी मापे लपलेली आहेत. लठ्ठपणाची रेघ वजन-उंचीच्या निर्देशांकाच्या ३० वर आहे. भारतीयांसाठी आपले तज्ज्ञ ती २५ वर आखतात. 'हालचाल कमी' याची व्याख्या आहे, किमान तीन दिवस अंथरुणावर, फक्त संडासापर्यंत जाण्याची मुभा. संडास खाटेच्या शेजारी असलेला वॉर्ड आणि लांब व्हरांड्याच्या टोकाला असलेला वॉर्ड यांत ही मुभा सारखी नसते. आणि दुखणाऱ्या माणसाला पाऊलही टाकू न देणारे प्रेमळ नातेवाईक कुठल्याच पट्टीवर मोजलेले नाहीत.

सिकलसेल आणि गुठळी

सिकलसेलबद्दल आपल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदलते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टर शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात केली. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत डॉ. सुदाम काटे यांनी दीर्घ काळ सर्वेक्षणे केली. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात, हा आजार आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांत आढळतो. भंडाऱ्याच्या शाळेत शिकवणाऱ्याला तो पुस्तकात शोधावा लागत नाही. तो वर्गात बसलेला असू शकतो.

विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि वेदना होतात, एवढे सगळ्यांना माहीत असते. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. या पेशींच्या आवरणात एरवी आतल्या बाजूला असणारा एक फॉस्फोलिपिड बाहेरच्या बाजूला येतो आणि त्याच्यावर रक्त गोठवणारी प्रथिने जमतात. फुटलेल्या पेशींतून सुटलेले हिमोग्लोबिन रक्तातील नायट्रिक ऑक्साइड संपवते, त्यामुळे रक्तवाहिनीचे अस्तर बिघडते. आणि वेदनेने रुग्ण खाटेवर पडून राहतो. विरचो यांची तिन्ही कारणे पुन्हा मोजा. तिन्ही हजर आहेत.

आकडे काय सांगतात? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या सिकलसेल केंद्रातील ४०४ प्रौढ रुग्णांच्या नोंदी पाहून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १०१ जणांना, म्हणजे चौघांतल्या एकाला, कधी ना कधी शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झालेली होती. मध्य वय होते जेमतेम तीस. कॅलिफोर्नियातील सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या २०१७ मधील अभ्यासात चाळिशीपर्यंत गुठळी झालेल्यांचे प्रमाण ११.३ टक्के निघाले. पादुआची पट्टी वयाचा गुण सत्तरीला देते. या आजारात संकट तिशीत येते.

पण पादुआच्या पट्टीला जे प्रश्न विचारले तेच याही आकड्यांना विचारले पाहिजेत. हॉपकिन्सच्या केंद्रात येणारे रुग्ण जास्त आजारी असण्याची शक्यता आहे. अमेरिकेत अनेक सिकलसेल रुग्णांच्या मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत कायमच्या नळ्या बसवलेल्या असतात, आणि नळीभोवती गुठळी धरते. भारतातल्या सिकलसेलचा जनुकीय प्रकार आफ्रिकेतल्या प्रकारांपेक्षा वेगळा आहे. त्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, आणि ते थोडे संरक्षण देते. म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असे म्हणण्याची पद्धत होती. विदर्भातल्या रुग्णांना मात्र सरसकट सौम्य म्हणता येत नाही, हे नागपूरच्या अनुभवाने दाखवले आहे. तेव्हा हॉपकिन्सचे २५ टक्के उचलून भंडाऱ्याला चिकटवणे हीदेखील उसनी पट्टीच झाली. या आकड्यांतून एवढेच नक्की म्हणता येते, की हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे.

मग सगळ्यांनाच औषध द्यावे का?

पट्टी चुकते, मग पट्टीच नको, सर्वांना हेपॅरिन द्या, असे कोणी म्हणेल. या युक्तिवादाला बळ देणारा एक प्रसिद्ध आकडा आहे. 'एन्डॉर्स' नावाच्या जागतिक पाहणीत ३२ देशांतील ३५८ रुग्णालयांतले ६८,१८३ रुग्ण होते. निम्म्याहून अधिक रुग्ण जोखमीचे निघाले. भारतातल्या १० रुग्णालयांत २,०५८ रुग्ण पाहिले. सुमारे ५४ टक्के जोखमीचे, आणि त्यांतल्या जेमतेम १७ टक्क्यांना योग्य प्रतिबंध मिळालेला. हे आकडे व्याख्यानांतून वारंवार ऐकू येतात.

दोन गोष्टी मात्र सोबत सांगितल्या जात नाहीत. एक, 'जोखमीचा' म्हणजे गुठळी झालेला नव्हे. पाहणीने गुठळ्या मोजल्याच नव्हत्या, मार्गदर्शक यादीत कोण बसतो ते मोजले होते. दुसरी, या पाहणीचा खर्च सनोफी-अव्हेंतीस या कंपनीने केला होता, आणि प्रतिबंधासाठी सर्वाधिक वापरले जाणारे एनॉक्सापॅरिन हे तिचेच औषध. यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत, पण वाचणाऱ्याने सावध असावे. शिवाय एक बारकावा आहे. औषधोपचाराच्या वॉर्डातले रुग्ण या पाहणीत घेतले ते चाळीस किंवा अधिक वयाचे. आपली चोवीस वर्षांची मुलगी इथेही दारातच अडते.

'गुठळी हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे होत नाही', ही उलट टोकाची समजूतही खरी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९९६ ते २००५ या काळातल्या नोंदी तपासल्या. दर दहा हजार दाखल रुग्णांमागे सुमारे १७ जणांत खोल शिरेतली गुठळी निश्चित झाली होती. आणि या तर फक्त सापडलेल्या.

औषधाचा उपयोग किती? १९९९ च्या 'मेडेनॉक्स' चाचणीत चाळिशीपुढच्या रुग्णांना रोज ४० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन दिल्यावर गुठळ्यांचे प्रमाण १४.९ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आले. हे यश मोठे आहे. पण यातल्या बहुतेक गुठळ्या तपासणीत दिसलेल्या, रुग्णाला त्रास न देणाऱ्या होत्या. २०११ मध्ये 'लाइफेनॉक्स' चाचणीचा निकाल आला. भारत, चीन, मेक्सिको यांसह सात देशांतले ८,३०७ रुग्ण त्यात होते. सर्वांना दाबाचे पायमोजे दिले, निम्म्यांना एनॉक्सापॅरिन, निम्म्यांना निष्क्रिय इंजेक्शन. तीस दिवसांतले मृत्यू एका गटात ४.९ टक्के, दुसऱ्यात ४.८ टक्के. काहीच फरक नाही. पायमोज्यांचीही गोष्ट पाहा. पक्षाघाताच्या रुग्णांवरील २००९ च्या चाचणीत मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्या कमी केल्या नाहीत, पण कातडीवरचे व्रण वाढवले. २०१३ मध्ये त्याच संशोधकांनी पायांभोवती हवेच्या पिशव्या बांधून त्या ठरावीक वेळाने फुगवणारे यंत्र तपासले. गुठळ्या १२.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आल्या. नुसते आवळून धरणे पुरेसे नव्हते, पंप चालला तेव्हा फरक पडला.

शस्त्रक्रियेच्या रुग्णांत मात्र हेपॅरिनचा लाभ स्पष्ट आहे. लंडनमधील भारतीय वंशाचे शल्यविशारद विजय कक्कर यांच्या पुढाकाराने झालेल्या, १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४,१२१ रुग्ण होते. हेपॅरिन न मिळालेल्या गटात फुप्फुसातील गुठळीने १६ जण दगावले, मिळालेल्या गटात दोघे. म्हणजे औषध चांगले आहे, ते योग्य माणसाला मिळाले पाहिजे. गाडी पुन्हा पट्टीशीच येऊन थांबते.

बारावा प्रश्न

माझे म्हणणे एवढेच आहे. पूर्व विदर्भातल्या रुग्णालयांत जोखमीची कोणतीही पट्टी वापरायची असेल तर तिच्यावर एक बारावा प्रश्न हवा : सिकलसेल तपासणीचा निकाल काय? पट्टी स्थानिक गरजेप्रमाणे बदलता येते. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सिकलसेल असलेल्या गर्भवती रुग्णालयात दाखल झाल्यास त्यांना प्रतिबंधक हेपॅरिन देण्याची शिफारस केली होती. आपल्याकडे तर उत्तरही बऱ्याचदा तयार असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे उद्दिष्ट चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आहे. तपासणीचे कार्ड घरात असेल आणि खाटेवरच्या कागदावर त्याची नोंद नसेल, तर तपासणीचा अर्धा उपयोग वाया जातो.

या प्रश्नाला गुण किती द्यायचे, हे अंदाजाने ठरवू नये, मोजून ठरवावे. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. वय, पॅटर्न, किती दिवस खाटेवर, शिरेत नळी होती का, पाय सुजला का, सोनोग्राफीत काय दिसले आणि नव्वद दिवसांनी प्रकृती कशी आहे, एवढ्या रकान्यांची वही पुरे. शेवटच्या रकान्यासाठी आशा कार्यकर्तीची मदत होईल. मात्र एका जिल्ह्याची वही पुरणार नाही. शंभरात दोघांना गुठळी होते असे धरले तर पाचशे रुग्णांमागे दहाच गुठळ्या हाती येतील. पादुआच्या ३७ गुठळ्या आपण थोड्या म्हटल्या, मग दहांवर काय उभे राहणार? पाचही जिल्ह्यांनी एकच वही लिहिली पाहिजे.

तोवर वाट पाहत बसावे असेही नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रुग्णाला लवकर उठवणे, खाटेवरच घोटे वर-खाली हलवायला लावणे, शरीरातले पाणी कमी होऊ न देणे, याला पैसे लागत नाहीत. सिकलसेलच्या रुग्णाचा पाय दुखला की 'नेहमीचेच दुखणे' म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. दोन्ही पाय, पाठ, हात दुखणे वेगळे. एकच पाय सुजणे, एकाच पोटरीत कळ येणे वेगळे. अचानक धाप लागणे, छातीत टोचणे यांनाही 'सिकलचा त्रास' म्हणून थांबू नये. हे नातेवाइकांनी बोलून दाखवले पाहिजे आणि डॉक्टरांनी ऐकले पाहिजे. खोल शिरेतली गुठळी सोनोग्राफीत ओळखता येते. यंत्राचा शोधक शिरेवर दाबला की निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. निदान झाले की हेपॅरिन आणि नंतर निदान तीन महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, असा उपचार असतो. वॉर्फरिन घ्यायचे तर वरचेवर रक्त तपासावे लागते. रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन या नव्या गोळ्यांना ते लागत नाही. लाखांदूरहून प्रत्येक तपासणीसाठी बस पकडणाऱ्याला हा फरक मोठा असतो.

शाळेत यातले काय नेता येईल? फळ्यावरच्या हृदयाशेजारी एक पोटरी काढा, तिच्यात झडपा दाखवा. हात खाली सोडला की हाताच्या पाठीवरच्या शिरा फुगतात, वर केला की दिसेनाशा होतात. हार्वीच्या प्रयोगाची सुरुवात इथूनच करता येते. मोठ्या मुलांना पादुआचे अकरा प्रश्न फळ्यावर लिहून द्या आणि वरच्या दोन रुग्णांचे गुण काढायला सांगा. मुलगी तीनवर थांबली की वर्गाला विचारा, पट्टी कुठे चुकली? बेरीज बरोबर आहे, हे त्यांच्या लवकरच ध्यानात येईल. मग ती पट्टी कोणाला पाहून आखली होती, हा प्रश्न निघेल. वर्गात एखादे मूल एसएस किंवा एएस असेल, याचे भान ठेवून बोला. वाहक, म्हणजे एएस, असणे हा आजार नव्हे. काही अमेरिकी अभ्यासांत वाहकांमध्ये फुप्फुसातल्या गुठळीची जोखीम थोडी वाढलेली दिसली आहे. पण ती घाबरण्याजोगी नाही. रुग्णालयात दाखल होताना आपला पॅटर्न सांगावा, इतकेच त्यातून घ्यायचे. आणि हे सांगताना कोणालाही लाजावे लागू नये, एवढी तयारी शाळेने करून द्यायला हवी.